बिब्बा उतला

सासू खोपटाच्या दारात उभी होती. एका हातात खापर, त्यात निखारा. दुसऱ्या हातात दाभणाला टोचलेला बिब्बा. तो तापून त्याला तेल सुटलं होतं आणि वास आत येत होता. तो वास मला चांगला ओळखीचा होता, पण या वेळी बिब्बा माझ्यासाठी नव्हता. माझ्या मांडीवर माझी मुलगी होती, नुकती पाऊल टाकायला शिकलेली. तिच्या उजव्या कानाच्या वर, केसांत, रुपयाएवढा गोल चट्टा पडला होता. बिब्बा त्या चट्ट्यासाठी होता.

"धर तिला," सासू म्हणाली. "हात-पाय घट धर. मी फुली घालते."

"न्हाई."

"न्हाई म्हंजी? तुज्यावानी कुजाया पायजे का तिनं?"

मी कुडाला खोचलेला कोयता काढला.

"आत्याबाई, आत पाऊल टाकलं तर हात तोडीन."

सुनेने सासूला असं बोलायचा तो काळ नव्हता. मला वाटलं ती शिव्या देईल, आरडाओरडा करून दिराला बोलावेल. तसं काही झालं नाही. ती तिथेच उंबऱ्यावर टेकली आणि रडायला लागली. खोटं नाही, खरंच रडत होती.

"लेकराचं डोस्कं सडंल गं. मी काय वैरीण हाय का तिची?"

वैरीण नव्हती. तिच्या टाचांना पडलेल्या भेगा तिने जन्मभर बिब्ब्याने भरल्या होत्या आणि त्या भरूनही आल्या होत्या. सासऱ्याच्या पायात काटा मोडला तेव्हा तिने बिब्बाच लावला होता. तिला दुसरं औषध ठाऊक नव्हतं. निखारा विझेपर्यंत ती बसली, मग उठून गेली. जाताना म्हणाली, "उद्या त्याला घिऊन येते. त्यो धरंल तुला." त्याला म्हणजे दिराला.

म्हणजे माझ्याकडे उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता.

खोपटात मी कशी आले ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी काहीतरी करून आले होते.

आमचं गाव आंदर मावळात. टाकव्यापासून वर डोंगराकडे चालत जायचं. गावात मराठ्यांची घरं, वर पठारावर ठाकरवाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या दोन्ही कोपरांवर पांढरट खवले होते, इतकंच. अंघोळीला दगडाने घासले की निघायचे, दोन दिवसांनी परत यायचे. चोळीच्या बाहीखाली झाकून जायचे. माहेरी कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आई म्हणायची, कोरडी कातडी आहे.

मुलगी झाली आणि दोन महिन्यांत ते अंगभर उठले. गुडघ्यांवर, कमरेवर, डोक्यात. तांबडा चट्टा आणि त्यावर भाताच्या तुसासारखे पांढरे पापुद्रे. मी उठले की घोंगडीवर पापुद्र्यांचा सडा असायचा. जाऊ रोज सकाळी ती घोंगडी बाहेर नेऊन झटकायची आणि मला म्हणायची, "अगं, तुजी मळनी झाली बग." चेष्टा करायची, पण घोंगडीला हात लावायची. तेवढं करणारी ती एकटीच होती.

सासूने बिब्बा सुरू केला. प्रत्येक चट्ट्याभोवती फुल्या घातल्या. बिब्बा उतला. कातडी सुजली, फोड आले, पाणी सुटलं. रात्रंदिवस आग आग व्हायची. फोड वाळले आणि जिथे जिथे फुली पडली होती तिथे तिथे नवा चट्टा उठला, त्याच फुलीच्या आकाराचा. सासूने तो नवा चट्टा पाहिला आणि त्याच्याभोवती पुन्हा फुल्या घातल्या. महिनाभरात माझ्या पाठीवर बोट ठेवायला जागा राहिली नाही. मग सासूच म्हणाली, "ह्ये पसारतंय. ह्यो म्हारोग हाय."

तो शब्द एकदा घरात उच्चारला गेला की बाहेर जायला वेळ लागत नाही.

त्यात लावणी आली. आमच्याकडे लावणीला इर्जिक असते. आज सगळं गाव एकाच्या खाचरात उतरतं, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं खाचर त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. एकट्या घराच्या हातून लावणी होत नाही, रोपं हातात म्हातारी होतात. आमची पाळी यायच्या आधी बायकांनी सांगितलं की आम्ही हिच्या खाचरात पाय घालणार नाही. चिखलाच्या पाण्यातून येतं म्हणे. मी तर खाचरात उतरणारही नव्हते. पण मी ज्या घरात राहते त्या घराचं पाणी नको, असं ठरलं.

गावात एक आबा होते, त्यांचं सगळे ऐकायचे. ते ओसरीवर येऊन बसले. मी आत होते. माझ्याशी ते बोलले नाहीत, माझ्याबद्दल बोलले.

"पोरीला बाजूला ठिवा. खळ्याकडचं खोपट हाय की. न्हाईतर तुमची रोपं तशीच ऱ्हातील."

"आन् लेकरू?" सासऱ्याने विचारलं.

"लेकरू तिच्याजवळ कशाला? थोरलीला दूध हाय ना?"

थोरली म्हणजे माझी जाऊ. तिची मुलगी माझ्या मुलीहून थोडी मोठी, अजून अंगावर पीत होती. जावेने माझ्या मांडीवरून माझी मुलगी उचलली आणि आपल्या पदराखाली घेतली. मुलगी पाच महिन्यांची होती. तिने तोंड फिरवलं, रडली, मग प्यायला लागली. जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघींना पुरंल गं. काळजी करू नगंस."

नवरा घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता, रुळांवर काम करायचा. पंधरा-वीस दिवसांनी यायचा. तो आला, खोपटाच्या बाहेर उभा राहिला. पाऊस होता, डोक्यावर इरलं होतं. म्हणाला, "आय म्हनती तसं ऱ्हा थोडं दिस." मी म्हटलं, "आत या, भिजताय." तो म्हणाला, "न्हाई, इरलं हाय." आणि गेला.

खोपट म्हणजे कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं, एका बाजूला नांगर आणि पेंढा. भाकरी सासू दगडावर ठेवायची आणि मी उचलायच्या आधी मागे व्हायची. पहिले काही दिवस दूध भरून यायचं, ते मी बांधावर पिळून टाकत असे. मग ते आटलं. खालच्या खाचरांतून लावणीच्या बायकांची गाणी वर ऐकू यायची. आमच्या खाचरात गायल्या तेव्हाही ऐकली. रोपं वेळेवर लागली, त्या वर्षी भात चांगलं आलं.

एकट्या माणसाबद्दल लोक बरंच लिहितात, मी दोनच गोष्टी सांगते. माणूस आधी स्वतःशी बोलतं, मग तेही सोडतं. आणि घसा बसतो. वाडीवरची एक ठाकरीण सरपणाची मोळी घेऊन तिथून जायची. एक दिवस तिने विडीसाठी विस्तव मागितला. मी म्हटलं, "दगडावर ठेवते," तर माझा आवाज मलाच घोगरा वाटला. ती म्हणाली, "दगडावर कशाला? दे हातात." तिने माझ्या हातातून जळतं लाकूड घेतलं, विडी पेटवली, तिथेच बसून ओढली. मग उठून गेली. पुढे कधीमधी बसायची. एकदा करंजाचं तेल आणून दिलं. त्याने खवले मऊ व्हायचे, चट्टे जायचे नाहीत. पण खोपटात मला बिब्बा लावायला कोणी नव्हतं, आणि दिवाळीनंतर मी उन्हात बसून असायचे. फुल्यांवरचे चट्टे हळूहळू फिके झाले. का ते मला तेव्हा कळलं नाही.

शिमगा झाला आणि एक दिवस सासू मुलीला काखेला घेऊन आली. तिला दगडाजवळ उभी केली.

"घे. तुजंच हाय ते. डोस्क्यात उठलंय तिच्या."

असं म्हणून ती वळली. मुलीने मला ओळखलं नाही. ती घराकडे बघून "आय, आय" करून रडायला लागली. तिची आई म्हणजे जाऊ. मी तिला आत घेतली तर मला चावली.

मी खरं सांगते, मला आनंद झाला. तिच्या डोक्यावरचा चट्टा बघून आधी मी घाबरले. मग वाटलं, आता हिला माझ्याकडून कोणी नेणार नाही. आम्ही दोघी इथेच राहू. चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझ्या हातून पेज खायला लागली. पुढे माझ्याजवळ झोपायला लागली. मग सासू बिब्बा घेऊन आली.

त्या दिवशी कोयता खाली ठेवल्यावर मी मुलीचं डोकं उजेडात नीट पाहिलं. माझ्यासारखं नव्हतं ते. माझे खवले जाड, चकचकीत, पांढरे. हिचे बारीक, करडे, राखेसारखे. माझा चट्टा सगळा सारखा. हिच्या चट्ट्याची कड उठलेली आणि मधला भाग निवळलेला. माझ्या डोक्यात खवले होते पण केस शाबूत होते. हिचे केस चट्ट्यावर मुळाशी तुटले होते, कापणीनंतर उरलेल्या धसांसारखे. बघितलं, पण अर्थ लागला नाही. एवढंच कळलं की दोन्ही एक नाही.

उजाडताच मुलीला पाठीशी बांधून निघाले. दीर यायच्या आत गावाबाहेर पडायचं होतं. टाकव्याला उतरून पुढे स्टेशन गाठलं. गाडीत एक बाई सरकून बसायला जागा देत होती. माझे हात दिसले तशी तिने परत पाय पसरले. लोणावळ्यात सरकारी दवाखाना आहे हे मला नवऱ्याच्या बोलण्यातून ठाऊक होतं. विचारत विचारत गेले.

डॉक्टर पुण्याकडचे होते, तोंडाने फटकळ. मी मुलीला पुढे केलं, तर ते माझेच हात बघायला लागले.

"हे किती दिवस?"

"लग्नाच्या आधीपासनं. मला म्हारोग हाय साहेब. पोरीचं बघा."

"तुला काय आहे ते मी सांगतो. तू डॉक्टर आहेस का?"

त्यांनी माझं कोपर काचेच्या पट्टीने खरवडलं. खवला मेणबत्तीच्या किसासारखा सुटत गेला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसले. नखं उजेडाला धरली. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, ते मी कधी बघितले नव्हते. मग म्हणाले, "डोळे मीट." कापसाचा बोळा लावायला लागले. "कुठं लावलं?"

"कोपरावर."

"आता?"

"गुडघ्याच्या चट्ट्यावर."

"आता?"

"साहेब, आता न्हाई लावलं."

ते हसले. "शहाणी आहेस. उघड डोळे. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. आणि त्याला असे खवलेही नसतात. तो गुळगुळीत, गरीब दिसतो. तुझा हा खवल्यांचा रोग आहे. जन्मभर येईल-जाईल. मरायची नाहीस यानं, आणि कुणाला लागायचाही नाही. पाठीवर या फुल्या कसल्या?"

"बिब्ब्याच्या."

मग मात्र ते चिडले. या रोगाची खोडच अशी, म्हणाले, की कातडी जिथे जळेल, खरचटेल, तिथे तो नव्याने उठतो. "तुझ्या घरच्यांनी स्वतःच्या हातानं तो तुझ्या पाठीवर पेरलाय."

मुलीचं डोकं त्यांनी एकदाच पाहिलं.

"घरात वासरू आहे?"

"हाय."

"त्याच्या डोळ्याभोवती करड्या खपल्या आहेत?"

सासरी गोठा घराच्याच एका अंगाला. थंडीत पोरं वासराजवळ उबेला झोपायची. वासराच्या डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखी खपली होती, व्यालेल्या गाईला लपून बघायला गेले तेव्हा ती मी गोठ्याच्या कुडातून पाहिली होती. मी मान हलवली.

"नायटा आहे हा. वासराचा. तुझा रोग कुणाला लागत नाही. हिचा लागतो. घरात आणखी पोरं असतील तर त्यांची डोकी बघ."

मला हसू आलं. कंपाउंडर मान वर करून बघायला लागला.

"का हसतेस?" डॉक्टर म्हणाले.

"गावानं उलटं धरलंय साहेब."

मला काळं मलम मिळालं, रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडांसारखा डांबराचा वास येणारं. मुलीसाठी पांढरं मलम. कंपाउंडरने तिचे केस कात्रीने बारीक कापून दिले. सांगितलं की टोपडं उकळत्या पाण्यातून काढ, वासराला हात लावू देऊ नकोस, आणि बिब्बा, चुना, मोरचूद, काही म्हणजे काही लावायचं नाही.

मी तिथूनच नवऱ्याकडे जायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण एक गोष्ट मनात टोचत होती. सासू मुलीला घेऊन आली त्या दिवशी खळ्याच्या पलीकडे जाऊ उभी होती, काखेत तिची मुलगी. ऊन तापलेलं आणि त्या पोरीच्या डोक्यावर टोपडं, नाड्या गच्च बांधलेल्या. तेव्हा नवल वाटलं होतं. आता नवल वाटलं नाही. ज्या चट्ट्यासाठी माझी मुलगी खोपटात आली, तसाच जावेने आपल्या मुलीच्या डोक्यावर झाकून ठेवला होता.

मी परत गेले. दीर येऊन गेला होता, खोपट रिकामं बघून परत फिरला होता. तो पुन्हा आला नाही, पण मी कोयता उशाशी ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी जाऊ ओढ्यावर धुणं घेऊन आली तेव्हा मी पलीकडच्या काठावर उभी राहिले.

"बाई, पोरीच्या डोक्यात काय हाय?" मी विचारलं. थोरल्या जावेला मी बाई म्हणत असे.

"काय न्हाई."

"टोपडं काढा."

ती धुणं आपटत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्याबाईंना सांगू नगंस. तिला बी तुज्याकडं टाकत्याल."

"माझं तिला लागलेलं नाही. वासराचं लागलंय. डाक्टरनं सांगितलं." मी मुलीच्या मलमातलं अर्धं पानावर काढून आणलं होतं. ते काठावरच्या खडकावर ठेवलं आणि मागे झाले. सवयीने झाले. जाऊ म्हणाली, "मागं कशाला हुतीस?" आणि पाण्यातून इकडे आली, पान हातात घेतलं. वास घेतला. "ह्यानं जातंय?"

"जातंय म्हणाले. पंधरा-वीस दिवस लावायचं. आणि बिब्बा लावू देऊ नका."

"मी कशी नगं म्हनू त्यांना? तू वायली ऱ्हातीस, तुला जमतंय."

हे ती बरोबर बोलली. मला जमत होतं, कारण माझं जायचं ते सगळं गेलं होतं. ती घरात राहत होती.

तिने चार दिवस मलम लावलं असेल. पाचव्या दिवशी सासूच्या नाकाला वास लागला. टोपडं निघालं. पान उकिरड्यात गेलं. मला हे कळलं ते पोरीच्या ओरडण्यावरून. खोपटापर्यंत ऐकू आलं. असं ओरडणं मी आधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, ते माझं स्वतःचं.

मी धावत घराशी गेले. अंगणात पाय टाकला तोच दीर आडवा आला. "लांब ऱ्हा! हितं येऊ नगं!" मी अंगणातूनच सांगितलं की खोबरं चघळून त्याचा चोथा लावा, पुसून काढा, लोणावळ्याला न्या. सासू आतून म्हणाली, "तुज्यामुळं तर झालं ह्ये." दार लावून घेतलं.

बिब्बा उतला. कोवळी कातडी, त्यात डोकं. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे सुजून मिटले. मग पू झाला, ताप चढला. घरचे म्हणत राहिले की उतरेल, सगळ्यांचा उतरतो. सासू तिच्या उशाशी बसून होती, खायची नाही, उठायची नाही. दिराने झोळी बांधून न्यायचं ठरवलं तेव्हा फार उशीर झाला होता. झोळी बांधली, पण ती घराबाहेर निघाली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जाऊ खोपटाकडे आली. दगडापाशी थांबली नाही, सरळ आत आली आणि बसली. माझी मुलगी "आय" म्हणत तिच्याकडे धावली आणि मांडीवर चढून पदर ओढायला लागली. जावेने पदर बाजूला केला. तिला अजून दूध होतं. मुलगी पिऊन झोपली. जावेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चट्ट्याच्या जागी बारीक केस उगवायला लागले होते. तिने ते केस बराच वेळ बघितले, मग मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. भेटलो तरी बोलली नाही. मी तिला कधी दोष दिला नाही, आणि तिने मला दिला की नाही ते मला ठाऊक नाही.

मी मुलीला घेऊन लोणावळ्याला गेले ती तिथेच राहिले. नवऱ्याने दुसरी केली नाही आणि मला घरातही घेतलं नाही. कधीतरी येऊन मुलीला बघून जायचा. दवाखान्यात पट्ट्या धुवायचं काम मिळालं. तिथे माझ्या हातांना कोणी भीत नव्हतं, आणि कोणी फारसं बोलतही नव्हतं. खोली एक होती, संध्याकाळ लांब असायची. खवले थंडीत यायचे, उन्हाळ्यात कमी व्हायचे. अजून तसंच चालू आहे. पट्ट्या धुताना मी बरीच कातडी बघितली, खरूज, इसब, नायटा, भाजलेलं, कुजलेलं. बिब्ब्याने उतलेली तर पुष्कळ.

ते वासरू मोठं होऊन औताला लागलं. त्याच्या डोळ्याभोवतीचं आपोआप गेलं, तसं ते जातंच. सासू पुढे पुष्कळ वर्षं जगली. दीर आणि जाऊ जगले. मी जगले. माझी मुलगी जगली. जावेची मुलगी जगली नाही.